लिंबू न पिळता

एकतीस वर्षं प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत
माझं काम एवढंच :
टाकीतला जीव हाताने धरून टेबलावर आणायचा.
बेडूक, गांडूळ, मांगूर.
हुद्दा अटेंडंट. हात बुळबुळीत.

संध्याकाळी दांडिया बाजारातल्या खोलीवर पोचलो
की कुमुद दारातच म्हणायची, आधी राख घे.
राख, मग साबण, मग लिंबाची फोड,
तरी जेवायला वाढताना तिची बोटं
माझ्या बोटांना चुकवून वाटी सरकवायची.
भेंडीसुद्धा ती पुसून, वाळवून, मग चिरायची,
वर लिंबू पिळायची.
तार म्हणून सुटू द्यायची नाही.

मी सांगायचो तिला, दस्तूर मॅडम मुलांना सांगायच्या तेच,
थोडं पदरचं घालून :
मांगूरला खवले नसतात गं,
त्याचं अंग म्हणजे एरंडेल लावलेला मल्लखांब,
धरायला जाल तर घसराल.
बेडूक कातडीनेही श्वास घेतो,
ओल गेली की भर हवेत त्याचा जीव गुदमरतो.
गोगलगाय आपला रस्ता आपणच ओतत जाते,
ब्लेडच्या धारेवरून चालली तरी ओरखडा नाही.
आणि भेंडीचं म्हणशील,
तर आपण माठ भरून ठेवतो ना, तसंच काहीसं.
कुमुद म्हणायची, जेवताना नको.

एकदा एक मांगूर हातातून निसटला,
कपाटाखाली गेला.
काठीने ढोसलं, मिळाला नाही, दिवे मालवून घरी आलो.
सकाळी हेतल नावाची मुलगी किंचाळली :
जिवंत!
अंगभर धूळ, खडूचा चुरा, कुणाचे तरी केस,
आणि त्या सगळ्याच्या आत, ओला.
हेही सांगितलं होतं कुमुदला.
तिने ताट उचललं आणि आत गेली.

मग तिच्या घशात गाठ निघाली.
मशीनने तेहतीस वेळा शेकलं.
गाठ गेली. लाळही गेली.
डॉक्टर म्हणाले, कधी परत येते, कधी नाही.
पोळीचा घास तोंडात नुसता फिरतो,
लग्नाच्या मांडवात चुकून शिरलेल्या माणसासारखा,
कुठे बसावं ते न कळून.
रात्री जीभ टाळूला चिकटते,
ती उठते, अंधारात भांडं चाचपते.
चिकटतं ते कोरडं.
चिकट असतं ते सुटून जातं.
एवढं साधं, मला टाकीशेजारी उभं राहून कळलं नव्हतं.

आता खंडेराव मार्केटातून मी भेंडी आणतो.
भाजीवाली हसते, काका, आजे पण भींडा?
कोवळी बघून घेतो, ओलीच चिरतो,
पाण्यात मऊ शिजवतो. लिंबू न पिळता.
चमच्यापासून वाटीपर्यंत तार लोंबते,
मी ती तोडत नाही.
दुपारी तकमरिया भिजवतो,
काळ्या दाण्याभोवती ढगाळ पडदा फुगतो,
थेट बेडकाच्या अंड्यांसारखा.
हे मात्र तिला सांगत नाही.

काल अर्धी वाटी गेली, न ठसकता.
तोंड पुसून ती म्हणाली,
तो मांगूर, कपाटाखालचा,
त्याचं पुढे काय झालं रे?

जेवताना. तिने. विचारलं.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं, पहिला तास.
ट्रे मीच लावले होते.

म्हटलं, टाकीत सोडला परत.
घे, अजून एक चमचा.