निळ्याचं गुलाबी

कोबाल्टचा कागद कोरडा असला की निळा.
पानाला लावायचा, वरून काच, दोन चिमटे,
आणि मोजायचं: गुलाबी व्हायला किती सेकंद.
विद्यापीठातलं यंत्र दिवाळीपासून दुरुस्तीला गेलंय,
म्हणून हा शाळकरी उपाय वडणग्याच्या उसात,
आणि भावाचं सेकंदकाट्याचं घड्याळ.

आदगोंडा चौगुले बांधावर उकिडवे.
"पानाला तोंड असतंय म्हणता?"
असतं. खालच्या अंगाला जास्त.
"किती?"
तुमच्या नखाएवढ्या जागेत दहा-पंधरा हजार.
ते आपलं नख बघत राहिले,
आतली माती काडीनं कोरत.

सगळी भोकं मिळून पानाचा शंभरावा हिस्सा,
तरी वाफ अशी जाते जसं अर्धं पान उघडं असावं.
मधून कमी सुटते ती, काठावरून जास्त.
हे सांगताना मीच अडखळले.
ते म्हणाले, "त्यात काय!
चैताच्या यात्रेला जोतिबावरनं
मधनं कोण उतरतंय? कडंकडंनं सुटत्यात माणसं."

कागदाजवळ श्वास सोडायचा नाही,
नाहीतर पानाऐवजी माझीच नोंद व्हायची.
मी छाती भरून थांबते.
तेही थांबतात, बिडी मुठीत झाकून.

साडेसातला बावीस सेकंद.
दहाला सोळा.
दीडला चार मिनिटं झाली
तरी कागद निळाच.
"मेलं का काय?"
नाही. तोंड मिटलंय. उन्हात पाणी जपतंय.
रात्रीही मिटलेलंच असतं.

मग ते गप्प झाले.
या आठवड्यात शेतीची वीज रात्री साडेअकराला येते.
गमबूट, बॅटरी, सरीत गुडघाभर गारठा.
"म्हंजे मी रातभर पाजतोय
आणि ह्यो तोंड मिटून बसलाय?"
मुळं पितात, मी म्हणाले, सकाळसाठी.
खरं होतं ते, पण
सांगताना माझे पाय कोरडे होते.

चारच्या सुमाराला वारा फिरला.
पलीकडच्या गुऱ्हाळाची वाफ आली, जड, गोडसर.
मी डबी उघडली
तर सगळे कागद गुलाबी,
एकाही पानाला न लागता.
वहीत लिहिलं: ३.५०, नोंद नाही.

निघताना त्यांनी एक कागद मागून घेतला,
टोपीच्या घडीत ठेवला.
"चुलीवर धरला की निळा होतोय न्हवं?"
होतो.
"मोटार सुरू केली की लावून बघतो.
घड्याळ तेवढं ठेवून जावा."