भिंतीवरच्या दोघी

जयगडच्या शाळेत, प्रयोगशाळेच्या भिंतीवर
मी दोन पाणकोंबड्या रंगवतेय.
दोघी प्रशांत महासागरातल्या,
एकीचं बेट लेसान, दुसरीचं वेक.
दोघींनाही उडता येत नव्हतं.

लेसानची ओंजळीत मावेल एवढी,
पाठ वाळूच्या रंगाची, डोळा गुंजेसारखा लाल.
वेकची जरा थोराड,
पोटावर पांढऱ्या आडव्या रेघा,
कुणी चुन्याची बोटं पुसावीत तशा.

शाळा सुटली तरी नौशीन खलफे थांबलीय,
ब्रश धुते आणि विचारते,
"बाई, उडायच्या का नाहीत?"
मांजर नाही, मुंगूस नाही,
भिण्याजोगं तिथं कुणी आलंच नव्हतं.
पंख विसरले, आपण पाढे विसरतो तसे.

मग लेसानवर कुणी ससे सोडले.
सशांनी बेट पार खरवडून खाल्लं.
काही पाणकोंबड्या त्याआधीच
दुसऱ्या बेटावर नेल्या होत्या. तिथं रुळल्या, अंडी घातली.
लढाई आली, बोटीतून उंदीर उतरले.

नौशीनला न्यायला आलेला तिचा आजा
दारातच उभा. चाळीस वर्षं खलाशी.
"उंदीर दोरावरनं चढतो, बाई, आणि दोरावरनंच उतरतो.
म्हणून बंदरात दोराला पत्र्याच्या थाळ्या बांधायचो.
कधी कधी राहून जायच्या."
आणि खाली वाकून
चपलेतली वाळू झाडत बसला, बराच वेळ.

वेकची गोष्ट आखूड आहे.
बेटावर सैन्य अडकलं, रसद तुटली,
त्यांनी ती खाल्ली. शेवटचीपर्यंत.

इथं माझा हात अडतो.
बाबा विषमज्वराने पडले त्या साली
खाजणात आईने फासकी लावली होती.
मिळालेली पाणकोंबडी वाटप लावून शिजवली.
मी मानेचं हाडूक चोखलं
आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली.

"जास्त वाईट कुणाचं झालं?"
मला नाही सांगता येत.
नौशीन म्हणते, वेकचीला थोडी मोठी काढा,
तिला तर दुसरं बेटपण मिळालं नाही.
मापात बसत नाही, तरी काढते.

खाडीला भरती लागलीय.
कांदळवनात एक ओरडतेय, कुवाक कुवाक,
आमची, साधी, पांढऱ्या छातीची,
जी भ्यायली की पाय लोंबकळत का होईना
चार हात उडते.

उद्या लेसानचीचे पाय राहिलेत.
पुस्तकात नुसतं हिरवट लिहिलंय.
कैरीचं हिरवं की शेवाळाचं,
कुणाला विचारू?