राजी नाही

सव्वासातला इतिहास, तिसऱ्या मजल्यावर.
साडेनवाला साहित्य, तळघरात,
जिथला पंखा फक्त आवाजापुरता.
बी.ए.ची तीन वर्षं मी बहुतेक जिन्यातच काढली.

दादा बार्शीहून फोनवर म्हणायचे,
दोन्ही कशाला? अगं, एक ना धड—
आणि पुढचं गिळायचे.
चिंध्या मीच मनात मोजायचे.

खरवंडीकर सर विचारत, कागद कुठला? तारीख?
मुल्ला मॅडम विचारत, बोलतंय कोण?
माझी वही एकच,
पुढून एक विषय, मागून दुसरा,
मधल्या चार पानांवर मेसचा हिशेब.

दुसऱ्या वर्षी, जानेवारीत, सरांनी पेशवे दप्तरात नेलं.
लाल रुमालांत बांधलेले कागद,
गाठ सोडली की शिंक.
माझी मोडी कच्ची अजून :
आधी रेघ, मग रेघेला टांगलेली अक्षरं,
लेखणी शक्यतो उचलायचीच नाही,
शब्द कुठे संपला
ते वाचणाऱ्यानं बघून घ्यायचं.

कुठल्याशा कोठीची यादी.
तांदूळ, तूप, दोन म्हशी,
आणि म्हशींच्या खाली, त्याच हाताची, त्याच शाईची ओळ :
कुणबीण राजी नाही.

राजी हे नाव, सर म्हणाले.
नाही म्हणजे हजर नाही. पळाली असेल. टिपून घे.
घेतलं.

कौन्सिल हॉलच्या थांब्यावर बस येईना.
ते तीन शब्द पुटपुटत राहिले
कुणाचा तरी पत्ता पाठ करावा तसे,
आणि एकाएकी
राजी हे नाव उरलं नाही.

मॅडम खूश होतील वाटलं.
त्या म्हणाल्या, तुला हवंय म्हणून वाचतेयस का असं?
वर जा. त्या कारकुनाच्या बाकीच्या नोंदी बघ.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला,
मोबाइलमधला फोटो दोन बोटांनी ताणत राहिले.
तास बुडाला. पोरं चहाला गेली.
'नाही'च्या आधी लेखणी थांबलीय, म्हणाले,
शाई साचलीय बघ. एवढंच दिसतं.
अर्थ मला विचारू नकोस.

प्रकल्पात दोन्ही वाचनं लिहिली. बासष्ट मिळाले.

काल पुन्हा दादांचा फोन.
स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरतेस ना? शेवटची तारीख आहे.
मी हो म्हणणार होते.
थांबले.
पलीकडे दादा हॅलो हॅलो करत होते,
इकडे माझी शाई साचत होती.