केळ

चावी माझ्या खांद्यापर्यंत येते.
लोखंडाची, वर आडवी दांडी,
कुणा पुरुषाच्या छातीचं माप घेऊन
कधीतरी बनवलेली.
पहिल्या दिवशी लक्ष्मी टेकच्या आवारात
व्हॉल्व्हला चौदा आटे द्यायचे होते.
मी तीन दिले. चौथ्याला लोंबकळले.
चहावाल्यासकट सगळं आवार बघत होतं.
बसलिंगअण्णा तेवढा हसला नाही,
म्हणून मी दुसऱ्या दिवशी परत गेले.

मी कणकुंबीकडची. आमच्याकडं पाणी
कुणी सोडत नाही, ते असतंच,
पावसाळाभर भिंतीतून, चुलीच्या बुडातून.
इथं ते आठव्या दिवशी येतं,
पहाटे साडेतीनला,
आणि कुणीतरी जाऊन सोडल्याशिवाय येत नाही.

मग खानापुरातल्या इनासकडून
दांडीला दोन्ही बाजूंनी हात हात पाइप जोडून घेतला.
पैसे माझे.
पाइप लांबला तसे आटे हलके झाले.
"बायकी चावी" म्हणाले सगळे, महिनाभर.
नंतर दस्तगीरमामूची कंबर धरली
आणि एका पहाटे माझी चावी जागेवर नव्हती.
आता तशा चार आहेत.
कोण कधी करून आणल्या, कुणी बोलत नाही.
बायकांसाठी संडास मात्र अजून नाही.
अर्ज दिलाय. तीन भाषांत.

कार्पोरेशनकडं नकाशा आहे.
त्यात खासबागेची लाइन सरळ जाते.
जमिनीखाली ती एका विहिरीला वळसा घालते,
हे फक्त अण्णाला ठाऊक,
आणि अण्णाची नोकरी अकरा महिने उरलेली.

एप्रिल होता. राकसकोपला पाण्याचा काठ
दर आठवड्याला खाली सरकत होता.
रात्री एकला वडगावच्या एका बोळात
त्यानं सळी रस्त्यावर टेकवली,
वरचं टोक माझ्या कानाला लावलं
आणि म्हणाला, "केळ."
मला वाटलं, म्हाताऱ्याला भूक लागली.
म्हटलं, आता कुठली केळी, अण्णा,
गाडे कवाच बंद झाले.
"केळव्वा, केळ."
बोट कानाकडं गेलं तेव्हा कळलं,
ऐक म्हणतोय.

ऐकलं.
आधी माझंच रक्त.
मग दोन गल्ल्यांपलीकडचा माग, खटक खटक.
मग त्याच्याही खाली
झोपेत पोर दात खातं तसा
बारीक, न थांबणारा आवाज.
"इल्ले," मी म्हटलं. इथंच.
माझं पहिलं कानडी.
"इल्ला?" त्यानं विचारलं. नाही?
"इल्ले, अण्णा."
"इल्ला?"
एका मात्रेपायी आम्ही
त्या बोळात भांडायचेच राहिलो होतो.
शेवटी मी सळी त्याच्यापुढं धरली. तूच ऐक.
त्यानं घेतली नाही.
सळीकडं बघत राहिला,
मग दिव्याच्या खांबाकडं.
तीस वर्षं पंपाच्या खोलीत काढलेली.
कान कधी गेले, त्यालाही नेमकं सांगता येईना.
"यारिगू हेळब्याड," म्हणाला. कुणाला सांगू नको.

उजाडता खणलं.
जोडाला खिळ्याएवढं भोक,
आणि भोवतीची माती शिऱ्यासारखी.
किती वर्षं एक अख्खी गल्ली
तिथून गुपचूप झिरपत होती कोण जाणे.
वर घागरींची रांग
नेहमीसारखी भांडत उभी.
"शेवंताक्का, पाणी येऊलंय काय गे?"
येऊलंय म्हटलं, दम धरा.

मामूनं जोड आवळला. पाणी सोडलं.
मी सळी टेकवली, डोळे मिटले.
माग बंद होता. रक्त होतं.
खाली काही नव्हतं.
डोळे उघडले तर अण्णा
माझ्या ओठांकडं बघत उभा,
टॉवेल हातात गोळा करून.
"इल्ला," मी म्हटलं,
त्याला दिसेल असं, सावकाश.

त्यानं सळी टॉवेलानं पुसली,
माती गेली का बघितलं,
आणि माझ्या सायकलला बांधली.