तिसरं घड्याळ

मला पोहता येत नाही. आधीच सांगून टाकतो,
नाहीतर नंतर कोणीतरी विचारतंच.
ऑकलंडच्या ट्राम कारखान्यात मी ब्रेकचे दांडे तपासायचो
आणि त्या फेब्रुवारीत, साम्राज्याचे खेळ भरले तेव्हा,
उसनी पांढरी पँट घालून
पाचव्या लेनच्या डोक्याशी उभा राहिलो.
एका लेनला तीन घड्याळं, त्यांतलं तिसरं माझं.

शिकवलं होतं, आवाजावर जाऊ नका.
पिस्तुलाचा धूर दिसला की बटण.
आवाज उशिरा येतो, आणि थोडा खोटा.

बाकीचे सूर मारून पाण्यात येतात.
उताणे पोहणारे आधीच आत उतरलेले,
तोंड भिंतीकडे, पाय भिंतीला, गुडघे छातीशी,
जन्माला यायचं अजून बाकी असल्यासारखे.
सहा ओली डोकी आमच्या बुटांशी.
नेव्हिल ऑकीनं वर बघितलं.
"मिस्टर प्राउस, तुमच्या बुटाची नाडी सुटलीय."
एवढंच बोलला. वायरोआचा पोरगा,
बाप मांसाच्या कारखान्यात, हा नदीत,
धक्क्याखालून उताणा वाहत जाऊन
फळ्यांच्या फटींतलं आभाळ मोजत शिकलेला.

मग धूर.

जाताना ते आपल्याकडे बघत जातात,
बोटीच्या कठड्यापाशी उभं राहून
दूर दूर होणाऱ्या माणसांसारखे.
एक हात, दुसरा हात, निरोप काही संपत नाही.
आणि येतात ते पाठमोरे.
जिथे पोचायचंय ती भिंत
सहांपैकी एकालाही दिसत नसते.

एक समुद्रपक्षी तलाव आडवा ओलांडून गेला.
मला वाटतं नेव्हिलनं त्याच्याकडे बघितलं,
कारण तो दोरीला घासला, बुचं थरथरली,
आणि चौथ्या लेनमधला कॅनडाचा पेरो,
वल्ह्यासारख्या लांब हातांचा,
खांद्याला खांदा लावून आला.
शेवटच्या काही यार्डांत
नेव्हिलचे ओठ मला उलटे हलताना दिसले.
एकवीस. बावीस.
आकडे पाण्यात बुडत होते, तरी मी ते वाचले.

भिंत.
माझा अंगठा मला न विचारता खाली गेला.

पंच शिडीवर, डोळ्यांत तेल घालून बसलेले.
पाचामुखी परमेश्वर म्हणतात. इथे तीनच मुखं.
दोन म्हणाली चौथी लेन, एक म्हणालं पाचवी,
परमेश्वराचं तेवढ्यात भागलं.
आमची तिन्ही घड्याळं पेरोच्या घड्याळांपेक्षा कमी वेळ दाखवत होती,
दोन दशांश, तीन दशांश, पुन्हा दोन.
पण नियमात डोळा थोरला आणि घड्याळ धाकटं,
आणि धाकट्यानं मध्ये बोलायचं नसतं.

"किती?" नेव्हिलनं विचारलं.
तो अजून उताणाच होता, धापेनं पोट वरखाली.
पोहणाऱ्याला घड्याळ दाखवायला बंदी होती.
मी वाकलो. माझं तोंड त्याला उलटं दिसलं असणार,
हनुवटी वर, कपाळ खाली, आणि मध्ये तो काटा.
त्यानं उलटाच वाचला. बराच वेळ.
"बरं," म्हणाला. "आता नाडी बांधा."

संध्याकाळी घड्याळं मखमली पेटीत परत करायची,
काटे शून्यावर आणून.
मी रांगेत सगळ्यांत मागे उभा राहिलो.
सेक्रेटरी दोनदा खाकरला.

पुढे ट्रामही गेल्या.
मर्टल म्हणते, न्हाणीघरात एवढा वेळ काय करतोस.
टब लहान आहे, गुडघे बाहेर राहतात.
कान पाण्याखाली गेले की घर बंद होतं,
रेडिओ, किटली, मर्टल, सगळं.
छताला चौदा फळ्या आहेत.
तेराव्या फळीशी मी दर वेळी हात मागे नेतो,
डोक्यामागे, न बघता,
आणि नळ लागतो, गार.