ओतायच्या आधी

बाबा उद्यमनगरात मोल्डर होते, तेहतीस वर्षं.
घरी आले की आधी आईला हाक मारायचे
आणि नखं दाखवायचे.
नखांत काळी वाळू असली तर दिवस झाला,
नसली तर नुसती हजेरी.
आता ते माझी नखं बघतात.
"शिरोलीला जाऊन तू करतेस काय, लगा?"
मला लगा म्हणतात. भाऊ नाही मला.

काय करते मी.
सकाळी सातच्या आत फळा लिहिते.
कुठला साचा आधी, कुठली भट्टी कधी,
किती कोअर भाजून झाल्या,
मुल्लाणींच्या घरी लग्न, म्हणजे फेटलिंगला दोन हात कमी,
होसूरचा ट्रक सहाला,
आणि त्याचा ड्रायव्हर सव्वापाचलाच येऊन
हॉर्न वाजवणारा.

त्या बुधवारी फळ्यावर सगळं जुळत होतं.
सगळं जुळलं की मला जरा भीतीच वाटते.
कोअर शॉपमध्ये रत्नाक्का ट्रे मोजत होती,
रात्रपाळीचे एकवीस.
ओव्हनच्या वहीत डिझेल मात्र
चौदा ट्रेचंच जळलेलं.
एवढंच.
तळाच्या ट्रेमधली एक कोअर उचलली,
कानाशी धरून टिचकी मारली,
बाजारात बाबा मडक्याला मारायचे तशी.
टण्ण वाजायला हवं होतं.
ठप्प वाजलं.

भट्टीपाशी शिवगोंडा, बोट बटणावर.
"चालू करू?"
"नको."

नको हा शब्द केवढासा,
आणि त्याचं वीजबिल केवढं.
मालक जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत आले.
"कुणी थांबवली?"

मी म्हटलं, लोखंड वाट बघत नाही, साहेब.
लॅडलमध्ये आलं की सात मिनिटं, संपलं.
वाट बघायचीच तर आत्ता बघू,
ते गार आहे तोवर.
ओली कोअर पोटात ठेवून ओतलं
तर आज काहीच दिसणार नाही.
नग मोजून भरतील, ट्रक जाईल,
तुम्ही सगळ्यांना चहा पाजाल.
पुढच्या महिन्यात होसूरला पंपाच्या बॉडीत ड्रिल शिरेल
आणि भोकाच्या आत आणखी एक भोक निघेल,
आपण न पाडलेलं.

मालकांनी कपाळ पुसलं.
"किती वेळ?"
"तीन तास दहा मिनिटं."
"वरची दहा कशाची?"
"कोअर निवायची."

ते तीन तास कुणी बसून नव्हतं.
शुक्रवारचं फेटलिंग बुधवारी ओढलं,
जेवणाची सुट्टी साडेअकरालाच दिली,
कुरकूर झाली, कुणाची भाकरी अजून यायची होती.
ओव्हनचा बर्नर कलगोंडामामांनी उघडला,
नोझलमध्ये कचरा, तिळाएवढा.
आणि ड्रायव्हरला फोन केला,
मर्दा, आज तू आठला ये,
आणि आठ म्हणजे आठ.

ट्रक नऊला सुटला.
उशिराच्या रकान्यात मी तीन तास लिहिले,
जबाबदार म्हणून माझं नाव.
जे घडलं नाही त्याला फळ्यावर
रकाना नसतो.

सोमवारी शिरोली बंद.
बाबा पायरीवर ऊन खात बसलेले.
त्यांना सगळं सांगितलं,
वहीतलं डिझेल, एकवीस ट्रे, मालकांचं कपाळ.
ते बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले,
एक वडाप भरून गेली, दुसरी रिकामी.
मग म्हणाले,
"टिचकी कुठल्या बोटानं मारलीस?"
"मधल्या."
"अंगठा दाबून?"
"हो."
"कान कुठला?"
"डावा."

त्यांनी माझा हात ओढून घेतला,
मधल्या बोटाचं नख उन्हात धरलं,
चष्मा वर करून, खाली करून पाहिलं.
काही नव्हतं तिथं.
तरी त्यांनी
आईला हाक मारली.