खालचं लोखंड

वरचा पत्रा अल्युमिनियमचा, त्याला काही झालं नव्हतं.
फॉकलंडचा खारा वारा खालून शिरतो,
चेसिसमध्ये, जिथं कुणी वाकून बघत नाही.
अकरा वर्षं लँडरोव्हर लोकर कातरायच्या शेडमागे,
बॉनेटखाली घरटं.

मॉर्वेनानं स्क्रूड्रायव्हर टोचला. आरपार.
"बिस्किट," ती म्हणाली.
वडील वेल्डिंगचा चष्मा शोधायला गेले.

मग अख्खा हिवाळा
बोल्ट रात्रभर डिझेलमध्ये भिजवायचे,
सकाळी पाना लावायचा, शिव्या द्यायच्या, पुन्हा भिजवायचे.
एडी आत्या शेगडीत पीट सारत
बसल्या जागेवरून सांगायची, सगळं चुकतंय.
टॅमचा हात सर्वांत लहान;
गिअरबॉक्समागे पडलेला नट त्यालाच निघे,
नटामागे एक टॉफी, रोख.

सीटखाली आईची विणायची सुई सापडली, एकच.
डावं दार तिनं केशरी सुतळीनं बांधलेलं.
आम्ही नवी कडी बसवली.
सुतळी कुणी सोडली नाही.

सप्टेंबरात गाडी खोकली, धूर ओकली, धरली.
पहिल्या फाटकाशी वडील थांबले,
इंजिन चालू, नजर समोर.
आमच्याकडे फाटक शेजारचा उघडतो.
शेजारी कुणीच बसलं नव्हतं.
आम्ही सगळे मागे, गुडघ्याला गुडघे,
वायपर कोरड्या काचेवर करकरत होता.

टॅमच उठला, सीटवरून पाय टाकून पुढे गेला,
सुतळीखालून वाकून उतरला.
"अशी किती फाटकं आहेत?"
"नऊ," वडील म्हणाले.
"जाताना."